गोलरक्षकाची बावन्न मिनिटे

निगडी, बुधवार

श्री. अर्जुनराव, तळवडे, यांस,

डाव्या गुडघ्याने दिली तेवढ्या परवानगीत वाकून मालोजीचा नमस्कार. आपली प्रकृती ठणठणीत असावी. ती तशी नसती, तर ते कळवण्यासाठी आपण पहाटे साडेपाचला फोन केला असता. शालनवहिनींच्या पाठीला आराम पडला असेल, अशी आशा करतो. आपली बहीण सुमन खुशाल असून, हे पत्र मी लिहीत असल्याची तिला कल्पना नाही. आपली सूनबाई चि. सौ. विजयश्री हिला अनेक आशीर्वाद. (मागील वाक्यातील ‘अनेक’ हा शब्द मी दोनदा खोडला व तिसऱ्यांदा पुन्हा लिहिला, कारण पुढे कळेलच.) निगडीहून तळवडे ते किती लांब, पत्र कशाला, असे आपण म्हणाल. फोनवर आपण ‘व्हय, व्हय’ म्हणता आणि मध्येच प्लॉट पाहायला आलेल्या कोणाशी तरी बोलू लागता. कागदाला ‘व्हय’ म्हणून चालत नाही, तो वाचावा लागतो.

मी संतापलेलो आहे. हे वाक्य लहान, पूर्ण आणि निर्दोष आहे, म्हणून त्याला विशेषण जोडत नाही.

विषय हॉकीचा आहे. चाकणच्या सुवर्णमावळ फोर्जिंगमध्ये मी चौतीस वर्षे तपासणी विभागात काढली, हे आपण जाणता. हातात मायक्रोमीटर आणि तोंडात ‘नापास’ हा शब्द, अशी माझी तेथे ख्याती होती. कंपनीचा हॉकीसंघ औद्योगिक साखळी स्पर्धेत खेळतो. बारा संघ, प्रत्येकाचे अकरा सामने, सामने दर रविवारी नेहरूनगरच्या मैदानावर. निवृत्तीनंतरच्या तेरा वर्षांत मी एकही सामना चुकवलेला नाही. (सुमनचे मोतीबिंदूचे ऑपरेशन शनिवारी ठेवण्याबद्दल मी डॉक्टरांना विनंती केली होती, ही गोष्ट आपल्या घरी आजही उगाळली जाते, हे मला ठाऊक आहे.) यंदा पहिले तीन सामने आपण जिंकले. पुढचे पाच ओळीने हरलो. आता तीन उरले आहेत.

हरण्याचे मला दुःख नाही, असे लिहिले तर ते असत्य होईल. परंतु यंदाचे प्रकरण निव्वळ हरण्याचे नाही. संघ पहिल्या चारांत आला तर तीन कंत्राटी खेळाडूंना कायम करू, असे कंपनीने हंगामाच्या आरंभी लेखी जाहीर केले आहे. आमच्या माडीवर राहणारा भाडेकरू कुलदीप, मूळचा उदगीरचा, हा त्या संघाचा गोलरक्षक आणि त्या तिघांपैकी एक. सहा वर्षे तो कंत्राटावर हातोड्याखालचे लाल लोखंड उचलतो आहे. त्याचे कंत्राट याच हंगामाबरोबर संपते आणि ते वाढणार नाही, असे ठेकेदाराने त्याला सांगून टाकले आहे. कायम झाला तर त्याची पत्नी मोनिका आणि पहिलीतली करिष्मा येथेच राहतील; न झाला तर बिऱ्हाड उदगीरला परत. मोनिकाने वरचे डबे खाली काढून पुसून ठेवले आहेत. विचारले, तर ‘दिवाळीची साफसफाई’ म्हणाली. दिवाळी होऊन तीन महिने झाले.

आता सूनबाईंकडे वळतो. सौ. विजयश्री ही त्या कंपनीत मनुष्यबळ विभागाची प्रमुख झाली, तेव्हा सर्वांत प्रथम पेढे मी वाटले होते, हे आपण विसरला नसाल. क्रीडाविभाग तिच्याच अखत्यारीत येतो. चौथ्या सामन्यापूर्वी तिने कारखान्यातील ‘जॉब रोटेशन’ची पद्धत हॉकीसंघाला लागू केली. म्हणजे असे, की ज्याप्रमाणे एका कामगाराला चार यंत्रे आली पाहिजेत, त्याप्रमाणे एका खेळाडूला चार जागा आल्या पाहिजेत. मैदानाच्या कडेला एक फळा उभा केला गेला. त्यावर प्रत्येक नावापुढे एक वर्तुळ, वर्तुळाचे चार भाग, आणि जे काम येते त्याचा भाग काळा केलेला. हा फळा शॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्यांसाठी असतो, अर्जुनराव! मी स्वतः असे फळे तपासले आहेत. सामन्याच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत चार निरनिराळे गोलरक्षक, बचावफळी आघाडीला, आघाडी बचावाला. आणि कुलदीप? कुलदीप हा संघातील सर्वांत ‘आयडल’, म्हणजे रिकामा, माणूस ठरल्यामुळे त्याचा ‘पूर्ण वापर’ व्हावा, म्हणून त्याला चारही भागांत आघाडीला पळवण्याचा निर्णय झाला.

परिणाम काय झाला, तो सांगतो. पहिल्या भागात गोलात बंटी उभा राहिला. हा मुलगा आघाडीचा, अंगाने काडी. गोलरक्षकाचे पॅड त्याच्या कमरेपर्यंत आले. एकदा आडवा पडल्यावर त्याला आपल्या आपण उठता येईना. दोघांनी धरून उभे करीपर्यंत दोन गोल झाले. (फळ्यावर त्याच्या वर्तुळातला गोलरक्षणाचा भाग काळा केलेला होता. तो कोणी काळा केला, हे मला एकदा भेटून विचारायचे आहे.) मधल्या विश्रांतीत बंटीच्या अंगावरचे पॅड, बूट, छातीचे कवच व शिरस्त्राण काढून दुसऱ्याच्या अंगावर चढवायचे. विश्रांती दोन मिनिटांची, चढवायला लागतात पाच. पंच कोणासाठी थांबत नाहीत, आणि थांबूही नयेत. दुसरा भाग सुरू झाला तेव्हा आपल्या गोलात कोणीच नव्हते. आपला होऊ घातलेला गोलरक्षक कडेला एका पायात बूट घालून पट्टा शोधत होता. अकराव्या सेकंदाला गोल. मी घड्याळ लावून पाहिले आहे. समोरच्या संघाचे प्रेक्षकही टाळ्या वाजवायचे विसरले.

या अनर्थानंतर मी गप्प बसणारा नव्हतो. तिसऱ्या पराभवानंतरच्या सोमवारी दोन बस बदलून चाकणला गेलो. सूनबाईंनी केबिनमध्ये सर्वांदेखत मला वाकून नमस्कार केला, एसी कमी करायला सांगितले, माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा मागवला. इतके सौजन्य समोर असले की संताप व्यक्त करायला जागाच उरत नाही, आणि तो आत साचून दुप्पट होतो. मी विचारले, हे काय चालवले आहे? ती म्हणाली, “मामा, इमोशनल होऊ नका. डेटा बघा.” आणि तिने सूचनापेटीत आलेला एक अहवाल माझ्यापुढे सरकवला. निनावी, सात पानी. प्रत्येक खेळाडू साठ मिनिटांपैकी किती वेळ चेंडूशिवाय होता, याचा तक्ता. “हे बघा, गोलकीपर बावन्न मिनिटं आयडल. शॉपफ्लोअरवर असा माणूस मी एक शिफ्ट तरी ठेवीन का?” मी म्हणालो, “अगं, तो मोकळा उभा राहत होता, म्हणजेच आपण जिंकत होतो!” त्यावर ती म्हणाली, “बरोबर. आणि आता तो पळतोय, तरी हरतोय. त्याचं रूट कॉज शोधायचं काम चालू आहे.”

अर्जुनराव, ते रूट कॉज, अर्थात मूळ कारण, गोलरक्षकाचे शिरस्त्राण उतरवून मैदानभर धावत होते!

तो अहवाल लिहिणारा मनुष्य कोण असावा, याविषयी मी त्या खोलीत बरेच बोललो. अर्धवट, आगाऊ, खेळातले ओ की ठो न कळणारा, मोजमाप म्हणजेच ज्ञान असे समजणारा, अशी विशेषणे वापरली. सूनबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “मामा, मला वाटलं म्हणून मी ट्रायल बंद करू शकत नाही. स्कीमचा नियम आहे. सुचवणाऱ्यानं सही करून सूचना मागं घेतली, तर त्याच दिवशी बंद. नाहीतर सहा महिने.” हंगाम संपायला पाच आठवडे, ट्रायल सहा महिने! मी चहा अर्धा ठेवून उठलो.

गेल्या रविवारी तर कळस झाला. गोल नाही, बरोबरीत चाललो होतो, शेवटची चार मिनिटे. आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला. बंटी (त्या भागात सुदैवाने आघाडीला) याने असा फटका मारला, की तेरा वर्षांत मी तसा पाहिला नव्हता. चेंडू गोलात जाणार, एवढ्यात वाटेत उभ्या असलेल्या कुलदीपने डावीकडे झेप घेतली आणि तो पंजाने बाहेर काढला. अप्रतिम अडवणूक! मी स्वतः उठून “शाबास!” म्हणालो, आणि मग मला कळले की गोल समोरच्यांचा होता. माझ्या मागच्या पायरीवर गोजाबाई असते. शेंगदाणे विकता विकता तिने हॉकीचे सर्व नियम आत्मसात केले आहेत. ती मला म्हणाली, “सायेब, ह्यो गडी आपला हाय का त्यांचा?”

“आपला.”

“मग त्यांच्या घराची राखण कशापायी करतुय? आपलं दार उघडं टाकून?”

यापेक्षा अचूक अहवाल त्या कंपनीत आजवर कोणी लिहिलेला नाही. पुढच्याच मिनिटाला आपल्यावर गोल झाला आणि आपण हरलो. कुलदीप पायरीवर येऊन बसला, हातमोजे नसलेल्या हातांकडे पाहत म्हणाला, “काय करू सर, बॉल दिसला की हात आपोआप जातंय. पुढं खेळ म्हणलालेत म्हणून खेळलालो.”

तरीही मी आशा सोडलेली नाही. तीन सामने जिंकलो तर अठरा गुण होतात. चौथ्या क्रमांकाचा संघ आज सोळावर आहे आणि त्यांचे उरलेले तिन्ही सामने पहिल्या तिघांशी आहेत. हे शक्य आहे. कठीण आहे, पण नापास करावे इतके कठीण नाही. फक्त गोलात गोलरक्षक हवा. एवढी मागणी माणसाने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी करू नये, असे कोणता नियम म्हणतो?

शालनवहिनींस नमस्कार. राग आपणावर नाही, हे वेगळे लिहायला नकोच.

आपला,
मालोजी निकम

ता. क. – तो सात पानी अहवाल माझा आहे. सूचना-योजना निवृत्तांनाही खुली असल्याचे मी दाराशी वाचले होते. तिसरा सामना आपण दोन-एक असा जिंकलो. माझ्या मते तो पाच-शून्य व्हायला हवा होता. आघाडीचे आळशी आहेत, एवढेच मला सिद्ध करायचे होते. गोलरक्षकाचा आकडा मी केवळ तक्ता अपुरा राहू नये म्हणून भरला. चौतीस वर्षांत मी तक्त्यात रिकामा रकाना सोडलेला नाही.

दुसरा ता. क. – सोबतच्या लखोट्यात सूचना मागे घेतल्याचे पत्र आहे, सहीसह. ते मी स्वतः नेऊन देऊ शकलो असतो; परंतु त्या केबिनमध्ये मी लेखकाला जे जे म्हणालो, त्यातले एकही विशेषण मला मागे घेता येत नाही. सूनबाई जेवायला बसली की तिच्या हाती द्यावे. माझे नाव फळ्यावर लावायचे असेल तर खुशाल लावावे. फक्त शुद्ध लिहावे.

तिसरा ता. क. – काल जिन्यात कुलदीपला गाठून सगळे कबूल केले. तो म्हणाला, “माहीत हाय की, सर. अहवाल नोटीस बोर्डावर लावला तवाच कळलं. नळाजवळ ‘पाणी जपून वापरावे’ लिवलंय, अक्षर तेच.” म्हणजे पाचही रविवार मला मोटारसायकलवर मागे बसवून, वळणावर “सर, धरून बसा” म्हणत, तो मैदानावर नेत होता, ते हे ठाऊक असून. मी विचारले, मग नेत का होतास? तो म्हणाला, “तुमी नाही आलाव, तर मी किती अडवले ते मोजणार कोण?”

रविवारी सामना चार वाजता आहे. लखोटा आज रात्रीच द्यावा.