चौथ्या फाटकाच्या आत

१३ मार्च, रविवार
आज पोरं आली. बसू, इरफान, वैशाली. आमचा पोरगा मिलिंद जाऊन दोन महिने झाले, नांदेडहून मोटरसायकलवर येताना गेला. त्यानंतर तिघं एकत्र आज पहिल्यांदा. हिनं चहा केला, पाणी बेतानंच.
मि.नं लावलेला खेळ अर्धा राहिलाय, तो पुरा करायचा म्हणतात. पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. एक वही, फासे, बाकी सगळं तोंडानं बोलायचं. विष्णुपुरीला कॉलेजात असल्यापासून मि. खेळवायचा आणि हे तिघं खेळायचे. खेळणाऱ्यानं वहीत बघायचं नसतं. आणि वही घराबाहेर द्यायला ही तयार नाही. म्हणून वाचायचं मी. मी म्हणालो, मी सातवी नापास. वैशाली म्हणाली, "वाचायचंच हाय काका, परीक्षा न्हाई."
हो म्हणून बसलो.

१६ मार्च
वही बोट ठेवून वाचतो आहे. वर एक गाव, कोरडं पडलेलं. खाली भुयारं. भुयारात चार फाटकांच्या आत शेवटचा झरा, आणि त्यावर खुजे बसलेत. खुजे म्हणजे हातभर उंचीचे, सरड्याच्या तोंडाचे, एका फटक्यात मरणारे. तिघं पोरं शूरवीर. बसू चिलखतवाला, इरफान जादूगार, वैशाली धनुष्यवाली. खाली उतरायचं आणि झरा सोडवायचा. खुज्यांच्या बाजूनं मी.
मि.चं अक्षर उजवीकडं झुकतं. पाच पानांवर थांबलो.

२० मार्च, रविवार
पहिला डाव. मी खुज्यांना भाले देऊन समोर उभं केलं. फासा पडायचा, एक मरायचा. चहा व्हायच्या आत बारा मेले. बसू खूश. पोरं गेल्यावर बेचैन होऊन बसलो. असेच मेले तर तीन रविवारात खेळ संपेल. मग पोरं कशाला येतील?
ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही वॉलवर होता तवा कुणाच्या समोर उभं राहिला का कधी?"

२२ मार्च
तिचं खरं आहे. तीस वर्षं वॉलची चावी फिरवून गावाला पाणी सोडायची नोकरी केली. मोठ्या घरची माणसं काठ्या घेऊन यायची, आधी आमच्याकडं सोड म्हणायची. मी भांडलो नाही. हो मालक म्हणत चावी अर्धी फिरवायची. त्यांच्या नळाला हवा यायची, फुसफुस व्हायची. आलं आलं म्हणत ते घरी जायचे. तोवर लाइनीच्या शेपटाकडच्या गल्लीच्या घागरी भरून व्हायच्या. भीती रोज वाटायची. घरी येऊन मि.ला सांगायचो तेव्हा तो हसायचा.

२७ मार्च, रविवार
आज खुजे दिसलेच नाहीत. भुयार इतकं बुटकं की बसूला चिलखत काढून रांगावं लागलं. मागं वळला तर चिलखत गायब. इरफाननं जाळ केला, तर वाटेत वाळक्या मिरच्यांचं पोतं. तिघं खोकत बाहेर. बसू चिडला, हे चीटिंग हाय म्हणाला. इरफान म्हणाला, "खुजे आपल्या अहमदपूरचेच दिसून राहिले, काका."
मी हसलो. मोठ्यानं. मग मि.च्या फोटोकडं लक्ष गेलं आणि कसंतरीच झालं.

३ एप्रिल, रविवार
दुसरं फाटक. एक नवा खुजा निघाला. मि.नं लिहिलंय तसं मोठ्यानं वाचलं: "नळ्या. म्हातारा. लढत नाही. झऱ्याची चावी याच्याकडे. फार घाबरतो, पण जागा सोडत नाही."
कुणावरून घेतलं म्हणून विचारलं. बसू बशीतला चहा ढवळत बसला, बशीतला चहा कुणी ढवळतं का. ही आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

९ एप्रिल
उद्याचं आधी वाचून ठेवावं म्हणून बसलो. तिसरं फाटक संपलं. पुढच्या पानावर एकच ओळ: "चौथ्या फाटकाच्या आत". पुढं काही नाही. सगळी पानं उलटली, मागूनही बघितली. कोरी.
हिला सांगितलं नाही. पोरांना तर नाहीच. लिहिलेलं संपलं कळलं तर पोरं उठतील, हात जोडतील आणि जातील.

१० एप्रिल, रविवार
तिसरं फाटक लवकर सुटलं. मग कोऱ्या पानावर बोट ठेवून वाचलं, चौथ्या फाटकाआधी आणखी भुयारं घातली. मुद्दाम अडखळत. खपलं.

१७ एप्रिल, रविवार
लातूरला रेल्वेनं पाणी आलं, सगळीकडं तेच बोलणं. आमच्याकडं टँकर. स्टँडवर दुसराच वाद, उदगीर जिल्हा होणार, आपला तालुका तिकडं जाणार म्हणे. मि.च्या सगळ्या कागदांवर जि. लातूर आहे. जिल्हा बदलला तर त्याला कुठला म्हणायचं? कुणाला विचारावं कळत नाही.
खेळात इरफान म्हणाला, वर गावात माणसं तहानलेली आहेत आणि तुमचे खुजे झरा अडवून बसलेत. बरोबर आहे त्याचं. पण खुज्यांनाही तहान असतेच ना. हे म्हणायचं राहून गेलं.
पुन्हा कोरं पान वाचलं. मि.च्या नावावर खोटं बोलतो आहे. दोनदा झालं.

२४ एप्रिल, रविवार
ऊन कलून अंगावर येतं म्हणून वैशाली उठून माझ्या बाजूला आली. वही झाकायला वेळ मिळाला नाही. तिनं पान बघितलं. नक्की बघितलं. मी वाचायचा थांबलो. बसू विचारतो, काय झालं काका? वैशालीनं ओढणीच्या टोकानं चष्मा पुसला आणि म्हणाली, "वाचा ना काका, मिलिंदनं पुढं काय लिहिलंय?"
वाचलं.

१ मे, रविवार
वैशालीला पुण्याला नोकरी लागली. सोमवारी, ९ तारखेला निघणार. चांगलं झालं. बसू म्हणाला, मग पुढच्या रविवारी संपवून टाकू. म्हणजे नळ्याला मारायचं, चावी घ्यायची. तो सहज बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं.
आठवडाभर काय करू? नळ्या मेला तर खेळ संपतो. त्यानं चावी दिली तरी संपतो.

६ मे
जेवण जात नाही. ही म्हणते, खेळ हाय तो. म्हणाली खरं, पण तिनंही अर्धी भाकरी तशीच ठेवली.

८ मे, रविवार
चौथं फाटक उघडलं. आत नळ्या एकटा, चावी मांडीवर. बाकीचे खुजे मी मागच्या वाटेनं काढून दिले होते. बसूनं तलवार उपसली, फासा हातात घेतला. मी खाली बघत बसलो.
वैशाली म्हणाली, "थांब बसू. माझी बाई धनुष्य खाली ठेवती. नळ्याजवळ जाऊन बसती." मग माझ्याकडं वळून, "किती दिस झाले ओ तुम्हाला हितं? कुणी आलं न्हाई का?"
नळ्याचं उत्तर मी द्यायचं होतं. मी कोरी पानं उलटत राहिलो. बसूनं फासा हळूच ताटलीत ठेवला. इरफान उठून घरातला माठ उगाच बघून आला. कुणी पुढं खेळा म्हणालं नाही.
निघताना वैशाली आधी हिच्या पाया पडली. दारात मला म्हणाली, "नळ्याचं उत्तर वहीत लिहून ठेवा काका. मी आल्यावर वाचीन."
म्हणालो, माझं अक्षर चांगलं नाही.
"मिलिंदचं तर संपलंय ना," म्हणाली. "आता तुमचंच पाहिजे."

९ मे
वैशाली गेली. पुण्याची एस.टी. उशिरा लागली. स्टँडवर गेलो होतो, खांबाआडून बघून परत आलो. बसू नि इरफान सामान चढवत होते. काल जाताना रविवारी येतो म्हणाले नाहीत. येत नाही असंही म्हणाले नाहीत.

११ मे, बुधवार
सकाळी वही काढली. "चौथ्या फाटकाच्या आत" इथं मि.चं अक्षर थांबतं. बराच वेळ पेन धरून होतो. मग त्याच ओळीत लिहिलं: "नळ्या बसलाय." माझं अक्षर डावीकडं झुकतं. दोन्ही अक्षरं एका ओळीत एकमेकांकडं पाठ केल्यासारखी दिसतात, की टेकल्यासारखी, ठरवता येईना.
किती दिवस झाले, ते लिहायला घेतलं. जमलं नाही. चावीचं काय करायचं, तेही नाही.
बऱ्याच दिवसांनी आज नळाला हवा सुटलीय, फुसफुस चालू आहे. ही हाका मारून राहिली. घागरी लावून येतो.