फत्तेअली शहा आणि फरीदेबाई

९ जानेवारी २००७, मंगळवार

आज दिवसभरात तोंडातून एकच शब्द निघाला — 'थँक यू.' तोही पोस्टमनला! नाशिकला पोस्टाच्या काउंटरवर तीस वर्षं अखंड बोलले, आणि इथे लंडनच्या ईलिंगमध्ये ही गत. रश्मी सातला ऑफिसला जाते ती संध्याकाळी सातलाच उगवते. "आई, बाहेर पड ना जरा." कुणाकडे जाऊ? हे गेल्यापासून बोलावंसंच वाटत नाही.

१२ जानेवारी

शेजारच्या फरीदेबाईंनी दार वाजवलं. इराणी, सत्तरीच्या, हातात पांढरी काठी. पूर्वी तेहरानला चित्रकलेचा इतिहास शिकवायच्या. "तुमचे डोळे मला रोज तासभर द्याल?" मार्चमध्ये लायब्ररीत भाषण आहे — त्यांच्या एका जुन्या शहाच्या चित्रांवर. पुस्तकं आहेत, पण दिसत नाही. माझं इंग्लिश मोडकं, म्हटलं. "माझंही. दोघींचं मिळून एक होईल!"

हो म्हणून बसले. का म्हटलं?

१५ जानेवारी

फत्तेअली शहा. काकाचा खून झाला म्हणून गादीवर आला, सदतीस वर्षं टिकला. मुलं शंभराच्या वर! स्वतःची चित्रं काढून घ्यायची भारी हौस, परदेशच्या दरबारांतही पाठवायचा. मी बघून सांगत गेले: काळीकुळकुळीत दाढी, थेट कमरेपर्यंत. कंबर मुठीत मावेल एवढी. मोत्यांच्या सरी. दंडावर हिरे — त्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते आठवेना, म्हणून म्हटलं 'बाजूबंद'. फरीदेबाई ताठ बसल्या. "बाजूबंद? हा तर आमचा शब्द!" 'तसबीर'ही म्हणे त्यांचीच. खूप हसलो.

माझंच हसू मला ओळखू येईना.

२ फेब्रुवारी

फरीदेबाईंसारखा साखरेचा खडा दातात धरून कोरा चहा प्यायला शिकले. त्या मला आता शशी-खानम म्हणतात, म्हणजे शशीबाई. यांना सांगायला हवं होतं.

२० फेब्रुवारी

आज विचारलं — शहा या चित्रात पन्नाशीच्या पुढचा, मग दाढीत एकही पांढरा केस कसा नाही?

फरीदेबाई म्हणाल्या, "रशियाशी दोन युद्धं हरला. केवढा मुलूख गेला! चित्रात मात्र कधी हरला नाही, कधी म्हातारा झाला नाही. शशी-खानम, हा भाग भाषणात तुम्ही सांगायचा."

"मी?"

"बघितलंय तुम्ही."

घरी आले आणि बॅगेच्या तळातून यांचा फोटो काढला. दहा महिने हिंमत नव्हती. आजारातला आहे, सगळे केस पांढरे. किती छान दिसतात! टेबलावर ठेवला.

१४ मार्च

उद्या भाषण. माझा भाग आरशासमोर दोनदा बोलून बघितला.

१५ मार्च, गुरुवार

तीस-बत्तीस माणसं होती. फरीदेबाई मध्येच थांबल्या, माझ्याकडे हात केला. उठले, आणि आवाज काउंटरवरचा निघाला — खणखणीत! एक गृहस्थ म्हणाले, दाढी खोटीच असणार. मी चित्राकडे बोट दाखवून त्यांना शेवटपर्यंत सोडलं नाही. रश्मी हाफ डे घेऊन आली होती. "आई, तू इंग्लिशमध्ये भांडलीस!" भांडले कुठे? समजावलं. देवा, केवढं दिलंस आज.

१८ मार्च

फरीदेबाईंची मुलगी शिरीन डबा परत द्यायला आली. मी म्हटलं, आईंना माझी थोडी मदत झाली, बरं वाटलं. ती हसली. "मदत? ती सगळी चित्रं तिला पाठ आहेत. हेच भाषण तिने याआधी सात वेळा दिलंय. डिसेंबरमध्ये मला म्हणाली — शेजारी एक बाई दिवसभर घरात असते, आणि तिचा आवाज कधीच येत नाही."