फाटकाआडून विचारलेलं नाव

१३ जानेवारी

ग्लेब! ग्लेब म्हणालो मी! घे, कर त्याच्याशी लग्न!

आत्ताच आलोय. बूटसुद्धा काढले नाहीत, फरशीवर बर्फाचं पाणी झालं म्हणून आई ओरडतेय. ओरडू दे. हे आधी लिहितो.

बूट-कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटली, गल्लीत वळलो. अंधार पडलेला. उल्याच्या फाटकामागे पोरींची खिदळखिदळ. रशियनांचं जुन्या पंचांगाचं नवं वर्ष ना आज — पोरी फाटकावरून लोकरीचा बूट भिरकावतात. टोक जिकडे, तिकडचा नवरा. आणि गल्लीतून जो पहिला पुरुष जाईल त्याचं नाव विचारायचं, तेच नवऱ्याचं नाव. आमच्या तातार पोरीही असतात त्यांच्यात. मुल्लाला कोण सांगायला जातंय!

तेवढ्यात बूट आला. धप्प. पांढरा, त्यावर उल्याने स्वतः भरलेलं लाल फूल. टोक गल्लीच्या खालच्या अंगाला. म्हणजे ग्लेबच्या घराकडे!

आणि दुपारीच तिला ग्लेबच्या ट्रकमधून उतरताना पाहिलं होतं. कारखान्याचा ट्रक, पण मिरवतो असा की बापाचा आहे. उल्या हसत होती. डोळे पुसत हसत होती. माझ्या बोलण्यावर कधी अशी हसली नाही. (बोलतो कुठे मी? तिच्यासमोर जीभ टाळ्याला चिकटते.)

आतून तिचाच आवाज — "अहो वाटसरू, नाव काय तुमचं?"

डोक्यात राख घातली मी. घसा खरवडून, जाड आवाजात — "ग्लेब!"

 मग पोरींचा कल्ला. बूट उचलला, फाटकावरून आत फेकला, चालू पडलो.

बरं केलं.

१४ जानेवारी

बरं नाही केलं.

१७ जानेवारी

कँटीनमध्ये वेनेरा सगळ्यांना रंगवून सांगत होती. भरतकाम खात्यात उल्याशेजारीच बसते ती. "आमचे पाय गोठले, पण ही बाई बूट फेकेचना! थांबा गं, थांबा गं. शेवटी एकदाचा फेकला, तर बाहेरून कोणी बुवा म्हणतो, ग्लेब! अख्ख्या गावात मिळून दीड ग्लेब असतील!"

ग्लेब तिथेच सूप ओरपत होता. "मी तर ट्रकखाली पडलो होतो तेव्हा, तेलाने माखून," म्हणाला. "पण बूटच म्हणतोय, तर नाही म्हणणारे आपण कोण?"

सगळे हसले. तो नाही हसला. कान लाल झाले त्याचे. त्याच्या मनात नव्हतंच काही — मी घातलं!

उल्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. मी मान फिरवली.

२६ जानेवारी

ग्लेब केक घेऊन उल्याच्या आजीकडे गेला. न्हाऊन, केस चापून बसवून. आई खिडकीतून बघत होती.

"चांगला पोरगा. पीत नाही."

"रशियन आहे तो."

"मग काय झालं? पीत नाही हे काय कमी? माणूस बरा असला की झालं. आपल्याकडे रशियन सुना नाहीत का आल्या? तुझ्या मामीच्या हातचे मटण-बटाटा भरलेले बेलिश खाताना बरं आठवत नाही तुला!"

आणि मी दोन वर्षं गप्प बसलो, आई रशियन मुलीला उंबरा ओलांडू देणार नाही म्हणून! कधी विचारलं तरी होतं का?

३ फेब्रुवारी

बुटांचा एक जोड वाया घालवला. आमच्या खात्यात बूट येतो तेव्हा हत्तीच्या पायाएवढा असतो. उकळत्या पाण्यात भिजवायचा, रगडायचा, आटवायचा — मापाला आला की थांबायचं. आज थांबलोच नाही. मिन्नुल्ला मुकादमाने जोड सगळ्यांसमोर वर धरला.

"हे काय रे? मांजरीचं लग्न आहे का?"

"ओढून मोठा करतो."

"आटलेला बूट मोठा होतो? कझानच्या कॉलेजात शिकवलं वाटतं! घरी ने. तुझ्या पोराला होतील."

कढईत ढकलावंसं वाटलं त्याला. बाहेर जाऊन बर्फात उभा राहिलो.

कॉलेजातही हेच झालं. तोंडी परीक्षेला मास्तरांनी विचारलं, "बूटवाल्या गावचा ना तू?" — नुसतं विचारलंही असेल बिचाऱ्यांनी! मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि थेट गावची बस धरली.

१९ फेब्रुवारी

कामावरून येताना तिच्या फाटकाशी थांबलो. बूट पडला होता तिथेच. गल्लीच्या खालच्या अंगाला बघितलं. त्या बाजूचं पहिलं फाटक कोणाचं? हिरवं, वर पत्र्याची चंद्रकोर असलेलं?

आमचं!

ग्लेबचं घर त्याच्या पुढे, वळणावर. गाढवा! गाढवा!!

८ मार्च

बायकांचा सण. पिवळ्या मिमोसाची जुडी घेतली, कोटात लपवून उल्याकडे गेलो. सगळं पाठ केलं होतं. खिडकीतून दिसलं — स्वयंपाकघरात ग्लेब. बाह्या वर सारून आजीचा नळ दुरुस्त करत होता. उल्या त्याला पाना देत होती. नीट, न हसता.

परत आलो. फुलं आईला दिली. तिने हुंगली, कपाट पुसलं, मग बरणीत ठेवली. "कोणासाठी आणली होतीस?" एवढंच म्हणाली. मी "तुझ्यासाठीच" म्हणालो.

२९ मार्च

ठरलं. त्यांचा मोठा उपवास संपला, ईस्टर झाला, की पुढच्या रविवारी लग्न. ग्लेबला उत्तरेकडे तेलविहिरींच्या गावी काम मिळालंय. दोघं तिकडेच जाणार. वेनेरा म्हणाली, "तिथे मे महिन्यातही बर्फ असतं म्हणे. उल्या म्हणते, असू दे."

असू दे काय, असू दे!

१२ एप्रिल

ईस्टर. उल्याची आजी लाल रंगवलेली अंडी घेऊन आली. आईने तिला चकचकचा, तळलेल्या पिठाच्या आमच्या मिठाईचा, डोंगर बांधून दिला, वर मध. दोघी चहा पीत बसल्या, दुधाचा, आमच्या पद्धतीचा. आजी म्हणाली, "दैवानेच नाव उच्चारलं हो, फाटकाआडून! मी स्वतः ऐकलं."

घशात अंड्याचा बलक अडकला. आजीनेच पाठीत थापट्या मारल्या. "हळू, बाळा. सगळ्यात घाई तुला."

उद्या सांगणार. दैव नव्हतं, मी होतो! हे कळल्यावर ती कशाला जाईल त्याच्याबरोबर? ज्या नावावर सगळं उभं आहे ते नावच खोटं. रागावेल. रागावू दे. पण थांबेल.

१३ एप्रिल

सांगितलं. फाटकातच.

"माहीत आहे," म्हणाली. "जाड आवाज काढलास म्हणून मला कळणार नाही? भोंगा होईपर्यंत पोरींना थोपवून धरलं होतं मी. तू यावास म्हणून. तुलाच विचारलं, फान्झिल. तू त्याचं नाव सांगितलंस."

फाटक लावून घेतलं तिने. हळूच. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.