ट्रॅकसाठी आलेले अंगठे

गुरुवार संध्याकाळ, पॉइंट कुक

शर्वरीच्या शाळेला धावण्याचा ट्रॅक होणार नाही. इथल्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, आज प्रस्ताव फेटाळला. आमचे रेट्स, म्हणजे घरपट्टी, थोडे वाढवून बांधणार होते, म्हणून रहिवाशांची मतं ऑनलाइन फॉर्मवर मागवली होती. विरोधकांनी फॉर्म भरले. आणि आपण? मी इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉर्मची लिंक टाकली तेव्हा नुसते अंगठे आले. “नक्की गं!” “गो शर्वरी!” ते अंगठे मी तिला कौतुकाने दाखवलेसुद्धा. कशाला दाखवले?

“इट्स ओके, आई,” ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. धावायचे नवे स्पाइक्स बूट परत खोक्यात ठेवले.

मग मी संतापून ग्रुपवर लिहायला बसले, की अंगठ्यांनी ट्रॅक होत नाहीत. सोबत माझ्या फॉर्मची पोच जोडावी म्हणून ईमेल शोधली. सापडेना. लॅपटॉप उघडला, तर फॉर्म तसाच, अर्धवट. त्या दिवशी भरता भरता ऑफिसचा कॉल आला होता, आणि नंतर ते अंगठे बघून वाटलं, झालंच की काम.

‘तुम्हाला हा ट्रॅक का हवा?’ या प्रश्नाखाली मी दोनच शब्द लिहिले होते.

माझी मुलगी