चार होमकमिंगचं आमंत्रण

३ सप्टेंबर
यंदा फुटबॉलच्या कमीत कमी सहा मॅच मारायच्या. गेल्या वर्षी सगळ्या हरलो, पण ती रेफरींची कृपा. कॉलेजचं क्रीडा खातं मार्लिसच्या ताब्यात. ती म्हणाली, एक तरी जिंक बाबा, नाहीतर नवा कोच शोधते. एक! बाईची झेपच तेवढी. कीव आली. असो. चार कॉलेजांनी आपापल्या होमकमिंगला आम्हालाच बोलावलंय. माजी विद्यार्थी गावात परतणार, मिरवणूक, बँड. अशा दिवशी ऐऱ्यागैऱ्याला कोण बोलावतं? अख्ख्या आयोवात आमच्या टीमचा दबदबा आहे.

१३ सप्टेंबर
पहिलं होमकमिंग. ०-४८. वारा विरुद्ध होता. दोन्ही हाफमध्ये. सगळे पास फेकणारा आमचा क्वार्टरबॅक ब्रँट गुरुवारी प्रॅक्टिसलाच नव्हता. केमिस्ट्रीची लॅब म्हणे. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजात खेळासाठी स्कॉलरशिप नसते, म्हणून पोरं अभ्यास करतात. शी!

२७ सप्टेंबर
दुसरं. ७-५५. प्रगती. त्यांचे एक आजोबा माझा हातच सोडेनात. म्हणाले, कोच, दरवर्षी तुम्हीच या हो. किती तो मान! हॉट डॉग मात्र गारढोण.

११ ऑक्टोबर
तिसरं. ३-६२. बायकोला, म्हणजे रोंडाला, त्या आजोबांचं सांगितलं. ती म्हणाली, अरे, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्कीलाही आमंत्रण असतंच, ताटात. तिला फुटबॉल कधी कळलाच नाही. संतापून उरलेला ॲपल पाय एकट्याने संपवला. उद्यापासून डाएट.

२५ ऑक्टोबर
चौथं. स्कोअर लिहीत नाही. पेन नीट चालत नाहीये.

१५ नोव्हेंबर
शेवटची मॅच, आमचंच मैदान. १४-१३ ने पुढे! काही सेकंद उरलेले. जिंकल्यावर कोचच्या डोक्यावर थंड पाण्याचा ड्रम ओततात. फोटोवाला निघायच्या बेतात दिसला, म्हणून पोरांना सांगितलं, आत्ताच ओता. ब्रँट म्हणाला, कोच, अजून संपली नाहीये. भित्रा! ओतलं. पोरं नाचत मैदानात घुसली. रेफरीने दंड म्हणून समोरच्यांना पंधरा यार्ड पुढे आणलं. तिथून त्यांनी खांबांमधून किक मारली, तीन गुण. १४-१६. रेफरी विकला गेलेला. मी चिंब.

१७ नोव्हेंबर
मार्लिसने काढून टाकलं. वर म्हणाली, सकाळपासून फोन थांबत नाहीत, तुला काढू नये म्हणून चौघं गयावया करतायत. मी म्हटलं, बघ, पोरांचा जीव आहे माझ्यावर. ती म्हणाली, पोरं नव्हेत रे, ते चार होमकमिंगवाले कोच. आपल्याकडून एकाचाही फोन नाही.
घरी येऊन रोंडाला सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.