रोडवर आलो तेव्हा

माय, आज सातवीच्या वर्गात मी 'रोड'चा अर्थ विचारला. मुलींनी रस्ता, सडक असं सांगितलं. मागच्या बाकावरची एक उठून म्हणाली, "बाई, आम्ही रोडवर आलो. उद्यापासून माही शाळा बंद." वर्ग हसला. मला मात्र मामा आठवला.

हातमाग बंद पडला, पाठोपाठ बाबा गेले, त्या उन्हाळ्यात मामा आपल्या खोलीत जेवायला बसला आहे. मी चुलीपाशी भाकरी थापते आहे. "तुम्ही तं रोडवर आले, बाई," तो तुला म्हणतो. "पोरीची शाळा सोडव. माह्या घरी कामाले राहीन." तू त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढतेस. "रोडवर आलो ना गा, मंग रोडवरच बसतो. पोरगी शाळेत जाईन."

आणि तू बसलीस. भिवापूरची मिरची कांडून उमरेड रोडच्या कडेला पोतं अंथरलंस. शाळा सुटली की मी तिथेच यायचे आणि शिंकत शिंकत इंग्रजीचे धडे वाचायचे. एकदा समोरच्या दुकानदाराने तुझं पोतं उचलून नालीत फेकलं. "रोड काय तुह्या बापाचा आहे?"

"नाही. तुह्याही बापाचा नाही," तू म्हणालीस. आवाजसुद्धा चढवला नाहीस. रात्रभर मी विनवत होते, दुसरीकडे बसू. "काहून? गिऱ्हाईक तिथंच येऊन राहिले." सकाळी तू शेजारणीचं पोतं मागून त्याच जागी बसलीस.

मी मॅट्रिक झाले तेव्हा मामा पेढे घेऊन तिथेच आला. तू जरा सरकून त्याला पोत्यावर जागा करून दिलीस. टोमणा मारला नाहीस. मला तेव्हा तुझा राग आला होता.

त्या मुलीच्या घरी मी उद्या जाणार आहे. तिचे वडील काय म्हणतील ते ठाऊक आहे. म्हणू देत. शाळेत पाठवतो म्हणेपर्यंत मी त्यांच्या दारातून उठणार नाही.

तू आता नाहीस, हे पत्र कपाटातच राहील, म्हणून एक सांगते. एवढी बाई झाले, तरी मला एकटीने रोड ओलांडायची भीती वाटते. कुणी पोक्त बाई पलीकडे निघाली की मी गुपचूप तिच्या बाजूला जाऊन उभी राहते.