बाबा प्रत्येक सामन्याला येतात

प्रिय अर्पू,

तुमचे दत्तराव सर उद्या नांदेडला तुमच्या सॉफ्टबॉलच्या शिबिराकडं निघालेत. त्यांच्या पिशवीत आईनं केलेले धपाटे आणि हे पत्र एकत्रच येईल. आधी धपाटे खा. पंकजालाही दे, नाहीतर ती माझ्या नावानं खडे फोडील. मग एकटी कुठंतरी बसून हे वाच. फोनवर बोललो असतो, पण मी फोन धरला की तुझी आई स्पीकर लावायला सांगते, आणि मला जे बोलायचंय ते स्पीकरवर बोलण्यासारखं नाही. शिवाय खरं सांगू का, मला भीती वाटायलीय. लेकीला पत्र लिहायला कुणी घाबरतं का? पण सकाळपासून कागद फाडायलोय. या कागदावर काय होईल ते होईल.

मी आत्ता पूर्णेला तुमच्या कॉलेजच्या मैदानावर बसलोय, बाभळीखाली, माझ्या नेहमीच्या जागी. मैदान रिकामं आहे. चुन्याच्या रेषा पुसत आल्यात आणि पंकजा जिथून बॉल टाकते तिथं एक कुत्रं खुशाल झोपलंय. डबा अजून उघडला नाही. तू म्हणशील, स्पर्धा संपली, आम्ही नांदेडला आलो, मग बाबा तिथं काय करायलेत? तेच सांगायचंय. सरळ सांगता येत नाही, म्हणून जरा वळसा घालून येतो. तू गडबड करू नको.

किशनराव काका पोळ्याच्या आधी गेले, हे तुला ठाऊक आहे. तू त्यांच्या दारात बायनाबाई काकूंजवळ बसली होतीस. कसे गेले हे मात्र मी घरात कधी नीट सांगितलं नाही. त्या दिवशी आमची रेल्वेची गँग चुडाव्याच्या पुढं रुळाखाली गिट्टी भरायला लागली होती. लुकआउटवाल्यानं शिट्टी मारली, मालगाडी येत होती, सगळे नियमानं बाजूला झालो. गाडीच्या वाऱ्यानं किशनरावच्या खांद्यावरचा टॉवेल उडाला आणि दुसऱ्या लाईनीवर जाऊन पडला. किशनराव तो उचलायला गेला. त्या लाईनीनं पॅसेंजर येत होती. मालगाडीच्या आवाजात तिचा हॉर्न कुणालाच ऐकू आला नाही. मला ती दिसली. मी ओरडलो, अर्पू, पण माझा मलाच आवाज ऐकू आला नाही. किशनराव वाकला होता. हात लांब केला असता तर त्याच्या सदऱ्याला लागला असता, एवढ्या अंतरावर मी उभा होतो. एकवीस वर्षांचा आमचा संग, साधा टॉवेल तो, बाजारात पुन्हा मिळाला असता. नंतरचं लिहीत नाही.

दिवसपाणी झाल्यावर मी कामावर गेलो, असं तुम्हाला वाटलं. गेलो होतोच. हातात पाना, खांद्यावर झेंड्याची पिशवी, सगळं नेहमीसारखं. पण गिट्टीवर पाय ठेवायची वेळ आली आणि पाय उचललाच नाही. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, बिनकामाची आहे, पण तसंच झालं. आमच्या गँगचा मेट परमेश्वर भला माणूस. म्हणाला, "मुंजाजी, तुमी आज बसा. उद्या बघू." उद्या तेच. परवा तेच. शेवटी रेल्वेच्या डॉक्टरनं बीपी बघितलं आणि मला सिकवर, म्हणजे आजारी रजेवर, काढलं. घरी मात्र मी सांगितलं की पूर्णेच्या ऑफिसात हलकं काम मिळालंय. तुझी आई एवढी खूश झाली! म्हणाली, "बरं झालं बाई, उन्हातान्हातलं मरण चुकलं." तिच्या तोंडून तो शब्द तसाच निघून गेला. त्यानंतर खरं सांगायची माझी हिंमतच झाली नाही.

मग रोज सकाळी डबा घेऊन निघायचं तरी कुठं? तू पॅसेंजरनं कॉलेजला जायचीस आणि मी जीपनं. रेल्वेचा माणूस जीपमध्ये कोंबून जातोय, यावर पंकजा किती हसायची. जीप ऑफिसच्या दारात सोडते, असं मी तुला सांगायचो. ऑफिसबिफिस काही नव्हतं. बाजारात चक्कर मारायचो, देवळात बसायचो, आणि एके दिवशी तुमच्या मैदानावर येऊन बसलो. ऑफिसातून वेळ काढून तुझा खेळ बघायला आलो, असं तुला वाटलं. तू लांबून हात केलास आणि मला रडू आलं. उन्हाचा चष्मा घेतला पाहिजे, असं काहीतरी मी दत्तराव सरांना म्हणालो. सर म्हणाले, "काका, रोज यायलात तर निदान बाहेर गेलेला बॉल तरी आणून देत जावा." झालं, मी तुमचा बॉल आणणारा झालो.

तोपर्यंत मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरी काठी घेऊन बॉलच्या मागं लागतात, एवढंच ठाऊक. तू बॅटवालीच्या मागं तोंडावर जाळी लावून बसतेस हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बाभळीखालून उठून उभाच राहिलो. पंकजाचा हात गरकन फिरतो, बॉल कधी सुटला ते कळतसुद्धा नाही, आणि तुझ्या नाकासमोरून त्या पोरीची बॅट सूं करत जाते. तू तिथंच बसलेली. तुझी आई एकदा आली होती, आठवतं? "आवो, पोरीचं तोंड फुटंल की! लगीन कसं व्हायचं हिचं?" म्हणून तिनं अर्ध्यातूनच जीप धरली. मी तिला हसलो खरा, पण मी काही वेगळा नव्हतो. फरक एवढाच की मला दुसरीकडं जायला जागा नव्हती.

आणि तो पहिला सामना, घरच्या मैदानावरचा! त्याची आठवण काढली की सर अजून कपाळाला हात लावतात. तू तिसऱ्या बेसवर उभी होतीस, एक धाव घेतली की आपली आघाडी आणखी पक्की. तेवढ्यात मैदानामागून इंजिनानं हॉर्न दिला आणि तू बेस सोडून टुणकन बाजूला उडी मारलीस. उडी मारून पुन्हा दुसऱ्या बाजूला मान वळवून बघितलंस. पिचरच्या हातात बॉल असताना बेस सोडला, अंपायरनं लगेच आऊट दिलं. सगळं मैदान हसलं, तूसुद्धा जीभ चावून हसलीस. लहानपणापासून तुला मीच तसं शिकवलं होतं ना, हॉर्न ऐकला की हातातलं असेल ते टाकायचं, बाजूला व्हायचं आणि दुसरी लाईन बघायची. मी मात्र हसलो नाही. कारण मीही बाभळीखाली नव्हतो. हॉर्न झाल्याबरोबर मी पार कुंपणापर्यंत पळालो होतो आणि तारेला धरून उभा होतो. तुझ्या उडीकडं सगळे बघत होते म्हणून माझ्याकडं कुणी बघितलं नाही. तुमचा सामना तरीही निघाला, पंकजानं पुढच्या पोरींना बॅट लावूच दिली नाही. तू घरी जाताना गाणं म्हणत होतीस. मी मात्र त्या रात्री जेवलो नाही.

पाथरीच्या सामन्यापर्यंत मला नियम कळायला लागले होते. पंकजाला तू बोटांनी कोणता बॉल टाकायला सांगतेस तेही मला ओळखता यायचं. विचारशील तर मला त्या दिवसांत आनंदही झाला. सांगायची चोरी आहे, पण झाला. चार घटका किशनराव डोळ्यांसमोरून हटायचा. पंकजाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, तिच्या घरचं बघणारं कुणी नाही, म्हणून ती मलाच ओरडून विचारायची, "काका, कसा पडला?" मी म्हणायचो, "लय भारी!" आणि ते खरंच असायचं.

जिंतूरचा उपांत्य सामना मात्र मी कधी विसरणार नाही. बॅटला चाटून बॉल सरळ तुझ्या जाळीवर आदळला आणि तू आडवी झालीस. मी उठून धावलो. तुझ्यापर्यंत पोहोचणार, तेवढ्यात समोर चुन्याची पांढरी रेषा आली आणि माझे पाय थांबले. अर्पू, रूळ नव्हता तिथं. साधी चुन्याची रेषा, पोराच्या पायानंही पुसली जाईल अशी. पलीकडं माझी लेक पडलेली आणि मी अलीकडं उभा. दत्तराव सर गेले, पंकजा गेली, अंपायर गेला. मला वाटलं, आता ही भीती लाईनीपुरती राहिली नाही. ती घरात येणार, अंगणात येणार, मी कुठंच पाऊल टाकू शकणार नाही. तू उठलीस, थुंकलीस, जाळी सरळ केलीस आणि पुन्हा तिथंच बसलीस. मी पाण्याच्या टँकरमागं जाऊन उलटी केली. संध्याकाळी तू मला विचारलंस, बाबा तुम्ही असे पांढरे का पडलात? मी म्हणालो, जिंतूरची भजी बाधली. त्या बिचाऱ्या भजेवाल्याला उगाच दोष दिला.

आता परभणीची फायनल. सगळा गाव मला त्याबद्दल विचारतो आणि मी सगळ्यांना मीठमिरची लावून सांगतो. आपली एका धावेची आघाडी, शेवटचा डाव, त्यांची ती दांडगी पोरगी तिसऱ्या बेसवर. बॅटला बॉल लागला, पोरगी सुटली. बॉल तुझ्या हातात आला आणि तू तिच्या वाटेत उभी राहिलीस. इथपर्यंत मी बघितलं. पुढचं मी बघितलं नाही, अर्पू. ती तुझ्याकडं येताना दिसली आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. आरडाओरडा झाल्यावर उघडले, तर ती आऊट, तू जमिनीवर पालथी आणि बॉल धरलेला हात वर. ढोपर सोललेलं. पंकजा तुझ्यावर पडून रडायलीय. आपल्या कॉलेजानं पहिल्यांदा विद्यापीठाची स्पर्धा जिंकली आणि ज्या क्षणी जिंकली तो क्षण चॅम्पियनच्या बापानं बघितलाच नाही. लोकांना मी जे सांगतो ते सगळं दत्तराव सरांकडून ऐकलेलं आहे.

चुडाव्यात आपली मिरवणूक निघाली तेव्हा मला जीपमध्ये तुझ्या शेजारी उभं केलं. फेटा बांधला, गुलाल टाकला, हलगी वाजायलेली. माईक हातात घेऊन आपल्या गावचा चंद्रभान म्हणाला, "पोरगी वाघीण हाय, आन् वाघिणीचा बाप बी काय साधा न्हाई! इतकी वर्सं मरणाच्या दारात काम केलंय त्येनं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू माझा दंड धरून कौतुकानं बघत होतीस. गर्दीत बायनाबाई उभ्या होत्या, त्यांनी लांबूनच हात जोडले. मला वाटलं, जीपखाली जाऊन लपावं. तू पेपरवाल्याला सांगितलंस ना, माझे बाबा प्रत्येक सामन्याला येतात, त्यांच्यामुळं मला धीर येतो? ते कात्रण तुझ्या आईनं देवाजवळ ठेवलंय. दिवा लावताना ती ते वाचते आणि मी बाहेर जाऊन उभा राहतो.

तर आता ऐक. कालच डॉक्टरनं मला कामाला फिट असल्याचा कागद दिलाय. सोमवारी सकाळी गँगवर हजर व्हायचंय. बीपी उतरलंय, कागदावर मी ठणठणीत आहे, पाय मात्र तेच आहेत. तुझ्या आईला हे मी आज घरी गेल्यावर सांगणार आहे. शिव्या देईल, रडेल, आणि सोमवारी डबा भरून देईल. तिची भीती वाटत नाही. सोमवारची वाटते. म्हणून हे पत्र लिहायलोय, पोरी. बाप लेकीला शिकवतो, आपल्याकडं उलटं झालंय, त्याला इलाज नाही. ती दांडगी पोरगी अंगावर येत होती तेव्हा तू डोळे उघडे कसे ठेवलेस? तुला भीती वाटत नव्हती, की वाटत असूनही तू उभी राहिलीस? मला चांगलं वाटावं म्हणून काही सांगू नको, खरं असेल तेच सांग. रविवारी तुम्हाला सुट्टी आहे, असं सर म्हणाले. सरांना विचारून रात्रीपुरती घरी ये आणि सोमवारी सकाळी माझ्यासोबत चल. फाटकापर्यंतच. फाटकाच्या पुढं तू यायचं नाहीस, तो नियम तुलाही आहे. तिथं नुसती उभी राहा आणि मी गिट्टीवर पाय ठेवेपर्यंत माझ्याकडं बघत राहा. माझ्या प्रत्येक सामन्याला ये, असं मी म्हणत नाही. या एकाला ये.

तुझाच,
बाबा